उदबत्ती लावली म्हणून नेम होत नाही

ताई,
मी ३२ वर्षांची आहे. बालेवाडीत राहते, एका आयटी कंपनीत डिझाइनचं काम करते. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं व्हँकुव्हरला होतो. तिथे गांजा कायदेशीर आहे, दुकानातून पावती घेऊन मिळतो. महिन्यातून एखाद्या शनिवारी मैत्रिणींबरोबर ओढायचे. पुण्यात परत येऊन दोन वर्षं झाली आणि आता रोज संध्याकाळी लॅपटॉप मिटला की बाल्कनीत एक जॉइंट होतोच. भांडणं नाहीत, काम व्यवस्थित चालू आहे, पैशांची अडचण नाही. पण नुसतं 'असंच' ओढणं मला आवडत नाही. गांजा सजगपणे, विधीसारखा घेतला तर ती साधना होऊ शकते, असं हल्ली बरंच वाचते-ऐकते. म्हणून तुळशीबागेतून उदबत्तीचं पितळी घर आणलं, एक वही केली. ओढायच्या आधी पाच मिनिटं डोळे मिटून बसते, मनात एक हेतू धरते. शंकराला चालतो, साधूंना चालतो, मग मला का नको? हा विधी आणखी चांगला कसा करता येईल, ते सांगाल का? नवरा काही बोलत नाही, हल्ली त्या वेळेला जिमला जातो.
(एक-दोनदा वाटलं की समोरच्या बिल्डिंगमधले लोक माझ्याकडेच बघतायत. माल जरा स्ट्राँग असेल. माझ्या एका काकांना तरुणपणी वेडाचे झटके यायचे, पण ते काही गांजा ओढत नसत.)
— बाल्कनीतली

प्रिय बाल्कनीतली,

तुझं पत्र मी खालून वर वाचणार आहे. सगळ्यात महत्त्वाचं तू अगदी शेवटी लिहिलंस, तेही कंसात.

'वेडाचे झटके' या दोन शब्दांखाली आपल्या घरांमधून काय काय झाकलं जातं! कुणाला फिट्स यायच्या, कुणाला टोकाचं नैराश्य असायचं, कुणाला कानात आवाज ऐकू यायचे. सगळ्याला एकच नाव, आणि त्यावर पुढे कुणी बोलायचं नाही. तुझ्या काकांना नेमकं काय झालं होतं, हे तुलाही माहीत नसावं असं वाटतं. ते माहीत करून घेणं हे तुझं पहिलं काम. घरात सख्ख्या नात्यात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल, तर गांजामुळे तसा आजार उफाळण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. जितकं रोजचं आणि जितकं तीव्र सेवन, तितका तो वाढतो. काका स्वतः ओढत होते की नाही, हा इथे मुद्दाच नाही. त्यांच्याकडून तुझ्याकडे काही आलं असेल तर ते रक्तातून आलं असेल.

समोरचे लोक आपल्याकडे बघतायत असं वाटणं, हे गांजा ओढणाऱ्या पुष्कळ जणांना होतं. काही तासांत उतरतं. घाबरून जाऊ नकोस. पण तुझ्या बाबतीत ते आणि काकांची गोष्ट एकाच कंसात आली आहे. तुझ्या मनानेही ती जोड कुठेतरी लावली आहे, नाहीतर मला सांगायचं तुला सुचलं नसतं. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं असं: काकांचं नीट कळेपर्यंत आणि एखाद्या मनोविकारतज्ज्ञाशी एकदा बोलणं होईपर्यंत ओढू नकोस. विधी करूनही नको आणि विधीशिवायही नको. आणि ओढलेलं नसतानाही तसा संशय येत राहिला, कुणी नसताना आवाज ऐकू आले किंवा रात्रच्या रात्र झोप लागली नाही, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता तुझा मूळ प्रश्न. तो मला खरंच महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात 'मला हे बेभानपणे करायचं नाही' अशी तळमळ दिसते. आणि विधीची कल्पना काही हवेतली नाही. हार्वर्डचे मनोविकारतज्ज्ञ नॉर्मन झिनबर्ग यांनी १९७०च्या दशकात अशा माणसांचा अभ्यास केला होता, जी अमली पदार्थ घेत होती पण त्यांच्या आहारी गेली नव्हती. त्यांना आढळलं की पदार्थ कोणता यासोबतच घेणाऱ्याची मनःस्थिती आणि भोवतालची माणसं, जागा, रीतिरिवाज यांवरही खूप काही ठरतं. ज्यांचा तोल टिकला होता त्यांच्याकडे अलिखित नियम होते: कधी घ्यायचं, कुणाबरोबर, किती, आणि मुख्य म्हणजे कधी घ्यायचं नाही.

आता तुझं व्हँकुव्हर आठव. महिन्यातला एखादा शनिवार, ठरलेल्या मैत्रिणी, दुसऱ्या दिवशी सुट्टी. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर झाला, तो पुष्कळ नियमांसकट. पाकिटावर टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं, प्रमाण छापलेलं असतं. खाण्याच्या पदार्थांच्या एका पाकिटात ते १० मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. तेव्हा तुझ्याजवळ उदबत्ती नव्हती, वही नव्हती, हेतूबितू काही नव्हता. पण वार होता, सोबत होती, माप होतं. आज उदबत्ती आहे, पण वार नाही, सोबत नाही आणि माप तर अजिबातच नाही, कारण बालेवाडीत जो माल येतो त्यात किती टीएचसी आहे, कसली फवारणी आहे, बुरशी आहे की नाही, हे आणून देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. माझ्या मते तुझा खरा विधी व्हँकुव्हरला राहिला. इथे जे चाललंय ती रोजची सवय आहे आणि तिच्यासमोर आता उदबत्ती लागते.

शंकराचं आणि साधूंचं विचारलंस. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरला आखाड्यांच्या तंबूंत चिलीम फिरते. ओला फडका गुंडाळून ती दोन्ही हातांनी कपाळाला लावायची, 'बम भोले' म्हणायचं, एक दम घ्यायचा आणि शेजारच्याकडे द्यायची. त्यावर टीका करायचा मला अधिकार नाही. पण त्या माणसांनी आधी घर सोडलंय, नाव सोडलंय, काहींनी स्वतःचं श्राद्धही घातलंय. त्या एवढ्या सोडण्यातला चिलीम हा एक बारीकसा तुकडा आहे. तू तेवढाच उचलून बाल्कनीत आणलास, बाकीचं सगळं तिकडेच राहिलं.

गृहस्थाची रीत आपल्याकडे वेगळी आहे आणि ती तुला माझ्याइतकीच माहीत आहे. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासाचा नेम धरायचा. कुणी कांदा-लसूण सोडायचं, कुणी वांगं, कुणी चहा. संकल्प सोडायचा, नेम पाळायचा, शेवटी उद्यापन करायचं. आपल्या बहुतेक व्रतांमध्ये काहीतरी सोडायचं असतं. भांगेचं म्हणशील तर जिथे तिची प्रथा आहे तिथेही महाशिवरात्र किंवा होळी अशी तिथी ठरलेली असते. ज्याला तिथी नाही, ज्याचं उद्यापन नाही, ते व्रत कसं होणार?

सजगतेबद्दल आणखी थोडं. आज जगभर जी सजगता शिकवली जाते, तिचं मूळ बरंचसं बौद्ध परंपरेत आहे. महाराष्ट्रात असंख्य घरांमध्ये पंचशील म्हटलं जातं. त्यातलं पाचवं शील नशा आणणाऱ्या, माणसाला बेसावध करणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचं आहे. इगतपुरीला १९७६ पासून गोएंका गुरुजींच्या पद्धतीने विपश्यनेची शिबिरं होतात, आपल्याकडे स्वारगेटजवळही केंद्र आहे. तिथे प्रवेश घेतानाच हे शील पाळायचं कबूल करावं लागतं. यात सोवळेपणाचा भाग नाही. जे साधन वापरायचं त्यालाच गांजा बोथट करतो. टीएचसीमुळे लक्ष टिकत नाही, आत्ता मनात आलेलं क्षणभर धरून ठेवण्याची क्षमता कमी होते, वेळेचं भान सैल होतं. गाणं खोल वाटतं, पानं हिरवीगार वाटतात, हे खरं. पण पाहणाराच धूसर झालेला असतो. (हे वाचून लगेच दहा दिवसांच्या शिबिराचा फॉर्म भरू नकोस. काकांचा उलगडा व्हायच्या आधी एवढं तीव्र मौन आणि ध्यान तुझ्यासाठी योग्य नाही. त्या फॉर्ममध्येही मानसिक आजाराबद्दल विचारतातच.)

तुझ्या वहीचा मात्र उपयोग करून घे. जॉइंट ओढल्यावर रात्री जे आजवर लिहिलंस, ते आता सकाळी चहा घेताना वाच. रात्री साक्षात्कार वाटलेलं किती उरतं, ते स्वतः बघ, मला सांगू नकोस. मग एका कोऱ्या पानावर दुसरंच काहीतरी लिही: लॅपटॉप मिटल्यापासून तलफ येईपर्यंतच्या अर्ध्या तासात काय होतं? खांदे कुठे आखडलेत? शेवटची मीटिंग कुणाची होती? घरात कोण आहे? परदेशातून परत आलेल्या पुष्कळ जणांना पहिली काही वर्षं इथे आपलं कुणीच नाही असं वाटतं. स्वतःच्या गावात पाहुणं झाल्यासारखं. तुझ्या त्या मैत्रिणी तिकडे राहिल्या. इथे कोण आहे, ते पत्रात कुठेच नाही.

आणि नवरा. 'काही बोलत नाही, हल्ली त्या वेळेला जिमला जातो.' हे वाक्य मी परत परत वाचलं. संध्याकाळी सात-साडेसातला बालेवाडीतल्या ट्रॅफिकमधून कुणी हौसेने जिमला जात नाही. कदाचित त्याला घाम गाळायचा असेल, असेलही. पण तो बाल्कनीच्या दारातून आत-बाहेर करायला कंटाळला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तुला न दुखावता घरातून बाहेर पडायला त्याने ही वाट शोधली असावी. त्याला विचार. 'तुला राग येतो का?' असं नको, तो 'नाही' म्हणेल आणि विषय संपेल. 'संध्याकाळी तू घरी असावंस असं मला वाटतं,' एवढंच म्हण आणि मग गप्प बस. त्याला बोलू दे.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण पुण्यात बहुतेक जण जसं करतात त्यावरून विचारते. सिगरेटमधली तंबाखू तळहातावर काढून त्यात मिसळतेस का? उत्तर 'हो' असेल, तर तुला एकाच वेळी दोन पदार्थांची सवय लागली आहे, आणि दोघांत तंबाखू जास्त चिवट. सातच्या ठोक्याला जीव कासावीस होतो, तो निकोटिनसाठीही असू शकतो. सोडताना हे माहीत असलेलं बरं, नाहीतर माणूस दोष भलत्याला देतो.

तर मी काय सुचवतेय? विधी ठेव, गांजा काढ. चार आठवडे. रोज त्याच वेळी, त्याच खुर्चीत बस, उदबत्ती लाव, पाच मिनिटं श्वासाकडे लक्ष दे, वही उघड. श्वास सोडायचा तो घेण्यापेक्षा लांब, बाकी काही तंत्र नको. कागद, क्रशर, उरलेला माल घरात ठेवू नकोस; 'बघू, कपाटात असू दे' म्हणून ठेवलेला डबा तिसऱ्या दिवशी उघडतो. चार आठवडेच का? टीएचसी मेंदूतल्या ज्या ग्राहींवर (रिसेप्टर्सवर) काम करतं ते रोजच्या सेवनाने कमी होत जातात, म्हणून पूर्वीइतकाच परिणाम व्हायला जास्त ओढावं लागतं. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेऊन अभ्यास झाला तेव्हा दिसलं की साधारण चार आठवडे थांबल्यावर हे ग्राही बऱ्यापैकी पूर्ववत होतात. त्यानंतर तुझं जे मत बनेल ते तुझं स्वतःचं असेल.

पहिला आठवडा वाईट जाईल, हे आधीच सांगून ठेवते. एक-दोन दिवसांतच चिडचिड सुरू होईल, भूक कमी होईल, रात्री घाम येईल, झोप लागणार नाही. लागली की इतकी स्पष्ट, विचित्र स्वप्नं पडतील की तू दचकून उठशील. गांजा स्वप्नांच्या झोपेला दाबून ठेवतो. तो थांबला की ती सगळी एकदम परत येते. याचा अर्थ डोकं बिघडतंय असा लावू नकोस. बहुतेकांचं दोनेक आठवड्यांत शांत होतं, झोप काहींच्या बाबतीत जरा उशिरा रुळावर येते. त्या दिवसांत दुपारनंतर चहा-कॉफी नको, रात्री दारूने झोप आणायचा प्रयत्न तर मुळीच नको. तलफ आली की पंधरा-वीस मिनिटं जागा बदल. बाणेरची टेकडी तुझ्या घरापासून लांब नाही. अंधार पडायच्या आत नवऱ्याला घेऊन चढ, वरून हायवेचे दिवे लागताना बघ, उतरताना भूक लागलेली असेल. जिम एखाद दिवस बुडाली तर चालेल त्याला.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण व्हँकुव्हरची सवय डोक्यात राहते. भारतात १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याने गांजा आणि चरस दोन्ही गुन्हा आहेत. थोडासा जवळ बाळगला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुंडीत एक रोप लावलं तरी ती लागवड धरली जाते आणि तिची शिक्षा कितीतरी कडक आहे. भांगेची पानं त्या कायद्याबाहेर असली तरी महाराष्ट्रात त्यांना दारूबंदीचा कायदा लागू होतो, परवान्याशिवाय तीही चालत नाहीत. स्वतःपुरतं ओढणाऱ्या माणसाला तुरुंगात पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे. भारतीयांच्या गांजा-भांगेच्या सवयीची चौकशी करायला इंग्रजांनी १८९३ मध्ये आयोग नेमला होता. त्यानेही मोजक्या सेवनाने सहसा काही बिघडत नाही, अतिरेकाने मात्र हानी होते, असाच निष्कर्ष काढला होता. पण माझं मत पोलीस चौकीत तुझ्या कामी येणार नाही. तुझी नोकरी, तुझा पासपोर्ट, आणि माल आणून देणारा तो मित्र, सगळेच यात अडकू शकतात.

मुलाचा विचार चालू असेल तर मात्र चार आठवडे वगैरे मोजायचे नाहीत. टीएचसी वारेतून (प्लासेंटातून) बाळापर्यंत आणि नंतर दुधातही पोचतं. तेव्हा पूर्ण बंद.

समज डॉक्टरांनी तपासलं, काकांचा आजार वेगळाच निघाला, चार आठवडेही झाले आणि कायद्याची जोखीम कळत असूनही तुला वाटलं की अधूनमधून ओढायचंच. तू सज्ञान आहेस. मग निदान रोज नको, एकटीने नको, तंबाखू मिसळून नको, दारूवर नको. धूर छातीत रोखून धरू नकोस. त्याने नशा फारशी वाढत नाही, फुप्फुसात डांबर मात्र जास्त बसतं. त्यानंतर गाडीची किल्ली हातात घ्यायची नाही, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा. आणि कुणी खाण्यातून दिलं तर लक्षात ठेव, त्याचा परिणाम कधीकधी दोन-दोन तासांनी सुरू होतो. 'काहीच होत नाहीये' म्हणून वर आणखी खाल्लेली माणसं मग रात्री इस्पितळात पोचतात.

चार आठवडे थांबणं जमलं नाही, पाचव्या दिवशी परत बाल्कनीत गेलीस, तर स्वतःला शिव्या देऊ नकोस आणि मला लिहायला लाजू नकोस. पण मग एकटीने झुंजत बसू नकोस. येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. तिथे स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे, आणि लगेच दाखल व्हावं लागेल असं नाही. आधी नुसतं जाऊन बोलता येतं. घरातून फोनच करायचा असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६, दोन्हीकडे पैसे लागत नाहीत. डॉक्टर पोलिसांना सांगतील, ऑफिसला कळेल, ही भीती मनातून काढून टाक. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुझी माहिती गोपनीय ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि व्यसनाचा त्रासही त्या कायद्यात येतो. डॉक्टरांपुढे मात्र काही लपवू नकोस. किती, कधीपासून, तंबाखूसकट की कसं, बिल्डिंगमधल्या लोकांचं, काकांचं, सगळं सांग. यावेळी कंसात नको.

या रविवारी बाबांकडे जेवायला जा. आईसमोर नको वाटलं तर त्यांना खाली चक्कर मारायला घेऊन जा आणि विचार: काकांना कितव्या वर्षी सुरू झालं, आवाज ऐकू यायचे का, कुठल्या इस्पितळात नेलं होतं, गोळ्या किती वर्षं चालल्या. पहिल्यांदा ते विषय टाळतील. पुढच्या रविवारी परत विचार. जे कळेल ते कागदावर लिहून डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि त्यांचं काय म्हणणं पडलं ते मला कळव.

तुझी,
ताई